घाटातील हाफ मॅरेथॉन : नागपूरच्या सपाटीवर सराव करणाऱ्यांनी या चुका टाळाव्यात

नागपूरहून सातारा हिल हाफ मॅरेथॉनला जाणाऱ्या हौशी धावपटूच्या हातून सर्वांत मोठी चूक स्पर्धेच्या दिवशी होत नाही. ती तीन महिने आधी, अंबाझरी आणि फुटाळ्याच्या बाजूने सपाट रस्त्यावर किलोमीटर मोजताना होत असते. चढाची धास्ती सगळ्यांनाच असल्यामुळे जो तो चढाची तयारी करतो, उताराची मात्र क्वचितच कोणी करतो, आणि 21.0975 किलोमीटरच्या अशा शर्यतीत पाय दगा देतात ते बहुधा उतारावरच.

हे मी स्वतः अनुभवले आहे. या स्पर्धेच्या मार्गावरील यवतेश्वरचा घाट मी दमाने चढलो, वरून वळलो आणि आता कष्ट संपले या समजुतीने पाय मोकळे सोडले. पहिले दोन किलोमीटर फार सुखाचे गेले. घाट संपत आला तेव्हा मात्र मांड्यांचा पुढचा भाग इतका थरथरू लागला की टेकवलेले पाऊल आपले वजन पेलेल याचीच खात्री वाटेना. खालच्या सपाट रस्त्यावर, म्हणजे ज्या प्रकारच्या रस्त्यावर मी नागपुरात रोज धावतो तिथेच, मला चालावे लागले. पुढचे दोन दिवस जिना उतरताना कठडा सोडवत नव्हता.

याचे कारण समजून घेतले पाहिजे. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत जोर लावतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतानाच प्रत्येक पावलाला ब्रेक लावत असतो. या कामात त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि म्हणूनच दुखणे त्याच दिवशी न येता 24 ते 72 तासांत चढत जाते. दिलासा असा, की स्नायू हे काम लवकर शिकतो. एकदा उतारावर बेताने धावून पाय दुखले, की पुढचे काही आठवडे तसाच उतार तितका त्रास देत नाही.

सेमिनरी हिल्सवर सकाळी पाहावे, तर बहुतेक जण जोर लावून चढतात आणि दम घेण्यासाठी चालत उतरतात. घाटातील शर्यतीसाठी आठवड्यातून एक दिवस हे उलट करावे : चढ शांतपणे चढावा आणि उतार धावत उतरावा. चार फेऱ्यांनी सुरुवात करावी, दर आठवड्याला एखादी वाढवत आठपर्यंत जावे आणि शेवटचा जोरदार उतार स्पर्धेच्या किमान 10 ते 14 दिवस आधी उरकावा. महिन्यातून एखाद्या रविवारी रामटेकच्या गडावर जाऊन वरपर्यंतच्या रस्त्याने चढ-उतार केल्यास फारच उत्तम. ट्रेडमिलचा चढ दमसासासाठी ठीक आहे, पण उतरण्याची सवय त्यावर होत नाही.

उतरताना लांब टांग टाकून टाच आपटणे आणि घाबरून मागे झुकणे, या दोन सवयींमुळे गुडघ्यावर मार बसतो. पावले आखूड आणि भरभर पडावीत, पाऊल शरीराच्या खाली टेकावे आणि नजर पायाशी न ठेवता दहा-पंधरा पावले पुढे असावी. साताऱ्याची ही स्पर्धा पावसाळ्यात होते, त्यामुळे ओल्या रस्त्यावरील रंगवलेल्या पांढऱ्या पट्ट्यांवर पाय देऊ नये. ते निसरडे असतात.

चढावरची नेहमीची चूक म्हणजे घड्याळातला पेस, म्हणजे दर किलोमीटरला लागणारा वेळ, राखण्याचा हट्ट. सहा टक्के चढावर दर 100 मीटरला आपण 6 मीटर वर जात असतो, तेव्हा सपाटीचा पेस तिथे लागूच होत नाही. एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलता येईल इतकाच जोर लावावा आणि तेही जमेनासे झाले तर खुशाल चालावे. तीव्र चढावर झपझप चालणारा माणूस धापा टाकत धावणाऱ्यापेक्षा फारसा मागे पडत नाही, आणि त्याचे पाय उतारासाठी शिल्लक राहतात.

पोटरीत गोळा आला तर थांबून टाच जमिनीला टेकवून पोटरी हळूहळू ताणावी. बरगडीखाली कळ आली तर वेग कमी करून श्वास पूर्ण सोडण्याकडे लक्ष द्यावे. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखू लागले आणि प्रत्येक पावलागणिक वाढत गेले, तर मात्र पुढे रेटू नये. छातीत दुखले किंवा चक्कर आली तर तिथेच थांबून वैद्यकीय मदत घ्यावी.

अंगठ्याचे नख काळेनिळे होते ते उतारावर पाय बुटात पुढे सरकून आपटत राहिल्यामुळे. नखे तीन-चार दिवस आधी कापावीत, लेस सर्वांत वरच्या छिद्रातूनही ओवून घोट्यापाशी घट्ट बांधावी.

पाण्याबाबत नागपूरकरांची चूक वेगळी असते. आपल्याकडच्या उन्हाची सवय असल्याने घाटातल्या गार हवेतही प्रत्येक टेबलावर पेलाभर पाणी पिण्याचा मोह होतो. गरजेपेक्षा फार जास्त साधे पाणी प्यायल्यास रक्तातील सोडियमचे प्रमाण घटते आणि ते जिवावरही बेतू शकते. तहान लागेल तसे घोट-घोट प्यावे.

प्रवासाचाही विचार करावा. महाराष्ट्र एक्सप्रेस नागपूरहून थेट साताऱ्याला जाते, पण एवढ्या लांबच्या प्रवासात बसून पाय सुजतात आणि अंग आंबते, म्हणून स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी न पोहोचता निदान एक पूर्ण दिवस हाताशी ठेवावा. त्या दिवशी अर्धा तास चालावे आणि जमल्यास घाटाचा पहिला टप्पा डोळ्यांखालून घालावा. रात्री तिखट रस्सा टाळून साधा वरण-भात घ्यावा. सकाळच्या तर्री-पोह्यांची कितीही सवय असली, तरी स्पर्धेपूर्वी तर्री नको. नुसते पोहे किंवा केळे दोन तास आधी खावे, आणि तेही नागपुरात लांब पल्ल्याच्या सरावाआधी खाऊन पाहिलेले असावे.