हुकूमशाहीच्या मजकुरात व्यक्ती आणि समूह कसे तपासावेत

हुकूमशाही राजवटींच्या घटना, पक्षांचे कार्यक्रम, बातम्या वाचायच्या असतील, तर हुकूमशाही म्हणजे समूहवाद (व्यक्तीपेक्षा समूह मोठा मानणे), हे समीकरण बाजूला ठेवूनच वाचायला बसा. बहुतेकांचे वाचन इथेच फसते.

आधी मजकुरातली हक्कांची वाक्ये शोधा आणि त्यांना जोडलेली अट अधोरेखित करा. सोव्हिएत संघाच्या १९३६ च्या घटनेतले कलम १२५ भाषण, वृत्तपत्रे आणि सभांचे स्वातंत्र्य देते, पण ‘कष्टकऱ्यांच्या हितानुसार’. हे हित ठरवणार कोण? ते कळायला कलम १२६ वाचावे लागते: सर्व सार्वजनिक आणि सरकारी संघटनांचा गाभा कम्युनिस्ट पक्ष. अटी लोकशाही घटनांतही असतात. अटीचा अर्थ लावणाऱ्याला न्यायालयात खेचता येते का, निवडणुकीत हटवता येते का, हे पाहा.

मग ‘समूह’ या शब्दापाशी थांबा, कारण खरी मेख इथे आहे. नाझी पक्षाच्या १९२० च्या २५ कलमी कार्यक्रमात २४ वे कलम स्वहिताआधी समूहहित मांडते. त्यावरून निष्कर्ष काढण्याआधी चौथे कलम वाचा: समूहात जागा फक्त जर्मन रक्ताच्यांना, ज्यूंना नाही. आता घटनाक्रम लावा. सत्ता मिळाल्यावर २ मे १९३३ रोजी कामगार संघटनांची कार्यालये ताब्यात घेतली गेली. लोकांनी स्वतः बांधलेले समूह आधी मोडले, आणि एकटा पडलेला कामगार ‘राष्ट्राचा अवयव’ ठरला. म्हणून संघटना, धर्मसंस्था, मंडळे यांची यादी करा आणि प्रत्येकीपुढे लिहा: स्वतंत्र, विलीन की बंद.

व्यक्तीचे कौतुक दिसले तर त्याचा उपयोग कशासाठी झाला ते तपासा. ऑगस्ट १९३५ मध्ये स्ताखानोव्ह या सोव्हिएत खाणकामगाराच्या नावावर एका पाळीत १०२ टन कोळसा नोंदला गेला. ठरलेले प्रमाण ७ टन होते. आधाराचे खांब लावणारे सहकारी बातमीत मागे पडले, आणि पुढच्या वर्षी अनेक उद्योगांत सर्वांच्याच कामाचे ठरलेले प्रमाण वाढवले गेले.

उलटा नमुनाही हाताशी ठेवा. लष्करी हुकूमशहा पिनोशेच्या चिलीत १९८१ पासून निवृत्तिवेतन वैयक्तिक खात्यांत गेले, तेही निवडस्वातंत्र्याच्या भाषेत. राजकीय पक्षांवर मात्र बंदी होती. आणि सैन्यदलांना त्या खात्यांतून वगळून जुन्याच व्यवस्थेत ठेवले होते.