मनोरुग्ण कैद्याची फाशी रोखायची असेल तर

आधी कागद गोळा करा. तुरुंगातला केसपेपर, औषधाचं नाव, डोस, तारखा. ‘रिस्पेरिडोन ४ मिग्रॅ, रात्री’ (तीव्र मानसिक आजारावरचं औषध) ही नोंद सलग दोन वर्षं दिसली, तर ‘कैदी ठणठणीत’ हा एका ओळीचा दाखला टिकत नाही. बहुतेक अर्ज इथेच पडतात: आजार आहे असं सांगितलं जातं, दाखवला जात नाही. बौद्धिक अपंगत्वात शाळेच्या जुन्या नोंदी शोधा. मर्यादा लहानपणापासूनच्या आहेत, हे सिद्ध करावं लागतं.

शिक्षेनंतर जडलेला आजारही चालतो. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीव्र मानसिक आजारामुळे फाशी रद्द केली. मात्र ठोस पुरावा देण्याचा भार आरोपीवर ठेवला. मानसिक आजार हे फाशी जन्मठेपेत बदलण्याचं कारण मानणाऱ्या, सर्वोच्च न्यायालयाच्याच २०१४ च्या शत्रुघ्न चौहान निकालाचाही आधार घ्या.

दयेचा अर्ज नातेवाईकही करू शकतात. सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळल्याचं तुरुंग अधीक्षकांनी कळवल्यापासून मुदत फक्त ३० दिवस; राज्यपालांनी नाकारल्यास राष्ट्रपतींकडे ६० दिवस. डॉक्टरांच्या अहवालाची वाट बघत मुदत घालवू नका. अर्ज आधी द्या, पोच घ्या, अहवाल मागून जोडा. भ्रमात असलेला माणूस ‘मला अर्ज नको’ म्हणेल. तो नकार आजाराचाही असू शकतो; तेही अर्जात लिहा.