साडेतीन सुतांचा हिशोब: राउटरला डव्हटेल जिग लावताना

लातूरमधल्या एका फर्निचरच्या कारखान्यात मी शिकाऊ म्हणून लागलो तेव्हा हाताने, म्हणजे करवत आणि पटाशी घेऊन, डव्हटेल (पारव्याच्या शेपटीसारख्या दातांचा फळ्यांचा सांधा) पाडण्याचे काम मला बऱ्यापैकी जमत होते, आणि त्यामुळेच राउटरचे, म्हणजे फिरत्या पात्याने लाकूड कोरणाऱ्या यंत्राचे, जिग (फळ्या आणि कापाची जागा पक्की धरणारा साचा) म्हणजे काय मोठे, असा माझा समज होता. पहिली दुपार पूर्ण वाया गेली. सांधा सैल झाला म्हणून बिट, म्हणजे राउटरचे कापणारे पाते, हलवले, त्याच वेळी टेम्पलेटही (जिगवरची दातेरी पट्टी) थोडे सरकवले, आणि मग कशाने काय बदलले हेच कळेना. मिस्त्रींनी जवळ येऊन जोडलेले दोन तुकडे अंगठ्याने दाबून पाहिले आणि एवढेच म्हणाले, "एका वेळी एकच स्क्रू फिरव."

ड्रॉवरसाठी जे अर्धझाकले, म्हणजे समोरून न दिसणारे, डव्हटेल लागते, त्याच्या नेहमीच्या जिगमध्ये दातांचे अंतर ७/८ इंच, म्हणजे आपल्या मापाने सात सूत असते. बिट १/२ इंचाचे, १४ अंशांचे, आणि गाईड बुश (टेम्पलेटच्या दातांना टेकून राउटरला वाट दाखवणारी कडी) बाहेरून ७/१६ इंचाचे. दर्शनी फळी वर आडवी आणि बाजूची फळी समोर उभी, दोन्हींच्या आतल्या बाजू बाहेर दिसतील अशा आवळायच्या. मी प्रत्येक फळीवर पेन्सिलीने 'आत' असे लिहूनच ठेवतो, कारण उलटी लावलेली फळी कापून झाल्यावरच लक्षात येते. उभ्या फळीचे टोक आडव्या फळीच्या वरच्या पृष्ठभागाशी समपातळीत हवे, आणि दोन्हींच्या कडांमध्ये अर्ध्या अंतराचा, म्हणजे साडेतीन सुतांचा फरक हवा. हा फरक बाजूचे थांबे धरतात. ते चुकले की सांधा बसतो, पण फळ्यांच्या कडा वरखाली राहतात. फळीची रुंदी सात सुतांच्या पटीत ठेवली, उदाहरणार्थ पाच शेपट्यांसाठी (बाजूच्या फळीच्या दातांसाठी) पस्तीस सूत, तर दोन्ही टोकांना सारखी अर्धी पाकळी, म्हणजे शेपट्यांमध्ये बसणारा दर्शनी फळीचा दात, येते.

खरा कस लागतो तो खोलीचा. जिगच्या माहितीपत्रकातला आकडा प्रमाण मानून सुरुवात करावी. आमच्या जिगला तो तीन सुतांच्या आसपास होता. डव्हटेलचे बिट टोकाशी रुंद आणि वर अरुंद असते, त्यामुळे ते जितके खोल जाईल तितकी शेपट्यांची टोके रुंद राहतात. म्हणून सांधा सैल असेल तर बिट थोडे खाली काढावे, आणि हातोडी मारूनही बसत नसेल तर वर घ्यावे. हा बदल केसभराच्या हिशोबातच करावा. बाजूची फळी बाहेर डोकावत असेल तर मात्र दोष खोलीत नसतो. खाच आखूड पडलेली असते, आणि टेम्पलेट आपल्यापासून दूर, आडव्या फळीवर आत सरकवावे लागते. फळी आत बुडत असेल तर उलट. चाचणीचे तुकडे त्याच जाडीचे आणि त्याच लाकडाचे घ्यावेत. सागवानाच्या कामासाठी प्लायवुडवर चाचणी घेण्यात अर्थ नाही.

कापताना प्रथम उजवीकडून डावीकडे अगदी हलका ओरखडा घ्यावा, म्हणजे समोरच्या कडेच्या चिरफळ्या उडत नाहीत, आणि मग डावीकडून उजवीकडे दातांमध्ये आत-बाहेर जात पूर्ण खोली एकाच फेरीत कापावी. टप्प्याटप्प्याने खोल जाण्याची सवय इथे चालत नाही, कारण बिटचा आकारच तसा आहे. राउटरची मूठ सुरुवातीला जशी धरली तशीच शेवटपर्यंत असावी. बुश थोडा मध्यापासून हललेला असला तरी मग चूक सगळीकडे सारखी राहते. आणि फिरते बिट वर उचलू नये. मी एकदा उचलले होते. टेम्पलेटचा एक दात आजही अर्धा आहे, आणि बिट त्याच क्षणी निकामी झाले.

आमच्याकडे काम चालू असताना लाईट जाणे नवीन नाही. अशा वेळी आधी बटण बंद करावे, राउटर जागेवरच धरून ठेवावे, बिट पूर्ण थांबल्यावर ते आडवे सरकवत बाहेर काढावे, आणि लाईट आल्यावर कॉलेट, म्हणजे बिट आवळून धरणारी पकड, पुन्हा तपासावा. कॉलेट सैल असेल तर बिट हळूहळू खाली सरकते, आणि सकाळी अलगद बसणारा सांधा दुपारी घट्ट का होतो, याचे उत्तर मी दोन दिवस टेम्पलेटमध्ये शोधत बसलो होतो.