पीआरएफ, बीएमपी आणि दातातल्या स्टेम सेल: हाड भरताना या चुका टाळा

दात काढलेल्या सॉकेटमध्ये, म्हणजे हाडातल्या खड्ड्यात, पिवळसर जेली ठेवायची आणि पेशंटला सांगायचं, 'ही तुमची स्टेम सेल ट्रीटमेंट.' असं सर्रास चालतं. ती जेली म्हणजे पीआरएफ (प्लेटलेट-रिच फायब्रिन), पेशंटचं रक्त नळीत घेऊन सेंट्रिफ्यूज मशीनमध्ये गरगर फिरवून मिळालेली गुठळी: रक्तातलंच फायब्रिन नावाचं प्रथिनांचं जाळं, त्यात अडकलेल्या प्लेटलेट्स, पांढऱ्या पेशी आणि त्यांनी सोडलेले ग्रोथ फॅक्टर. दातातल्या स्टेम सेल ही गोष्टच निराळी. अक्कलदाढेच्या पल्पमधून (दाताच्या आतल्या मऊ गरातून) त्या पहिल्यांदा २००० साली वेगळ्या केल्या गेल्या, दुधाच्या दातातून २००३ मध्ये. पल्प एन्झाइमने सुटा करून पेशी काही आठवडे वाढवाव्या लागतात. पीआरएफसारखं खुर्चीवर बसल्या बसल्या बारा मिनिटांत ते होत नाही.

पीआरएफ जमत नसेल तर आधी नळीकडे बघा. जांभळ्या टोपणात ईडीटीए असतं, निळ्यात सायट्रेट; दोन्ही रक्त गोठू देत नाहीत. साधी प्लास्टिक नळीही दगा देते, काचेची किंवा सिलिका लावलेली हवी. दुसरा गुन्हेगार वेळ. रक्त काढून झाल्यावर मशीनचा तोल साधायला समोर ठेवायची बॅलन्सची नळी शोधत बसलात तर रक्त मशीनबाहेरच गोठायला लागतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर गुठळी धरायला जास्त वेळ लागतो, हे हिस्टरी घेतानाच विचारा.

'२७०० आरपीएम, १२ मिनिटं' हा आकडा सगळ्यांना पाठ असतो, मशीनमधल्या फिरत्या भागाची, रोटरची, त्रिज्या मात्र कुणी मोजत नाही. त्याच वेगाला ८ सेंमी त्रिज्येवर सुमारे ६५० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ६५० पट) बल पडतं, ११ सेंमीवर जवळपास ९००. मग मित्राच्या क्लिनिकमधली रेसिपी तुमच्या मशीनवर फसली तर नवल काय!

गुठळी काढताना लाल भाग अगदी स्वच्छ कापून टाकायचा मोह होतो. प्लेटलेट्स सगळ्यात जास्त असतात त्या नेमक्या लाल-पिवळ्याच्या सीमेवर, म्हणून थोडा लाल भाग राहू द्या. आणि ही गुठळी दाबून केलेली मेम्ब्रेन (पातळ पडदा) दोनेक आठवड्यांत विरघळते. बाहेरची भिंत गेलेल्या सॉकेटमध्ये नुसतं पीआरएफ जागा धरून ठेवत नाही, तिथे ग्राफ्ट, म्हणजे हाडाची भर, लागतोच.

बीएमपी-२ म्हणजे हाड तयार व्हायला चालना देणारं प्रथिन; त्याचं प्रकरण जपून हाताळायचं. अमेरिकेत सायनस (वरच्या जबड्यातली पोकळी) आणि रिज (दात बसतात तो हाडाचा कणा) इथे हाड वाढवण्यासाठी त्याला २००७ मध्ये मान्यता मिळाली. कोलॅजन स्पंजवर औषध घालून किमान १५ मिनिटं थांबायचं, नंतर स्पंज पिळायचा नाही. सूज भरपूर येते, पेशंटला आदल्या दिवशीच सांगा, नाहीतर रात्री फोन ठरलेला. गरोदरपणात किंवा ट्यूमरच्या जागी तर नकोच.

पालक हमखास विचारतात, 'स्टेम सेलसाठी मुलाचा दात बँकेत ठेवू का?' आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार भारतात बँकिंगला परवानगी आहे ती फक्त नाळेच्या रक्ताच्या. शिवाय मार लागून करडा पडलेला दात, किंवा घरी डबीत आठवडाभर ठेवलेला, यात जिवंत पल्प उरलेलाच नसतो.