रीड म्हणजे फणी: सोलापुरात मोठ्या माणसांना इंग्रजी वाचायला शिकवताना

पहिल्याच संध्याकाळी मी वर्गाला विचारलं, "रीड म्हणजे काय?" मागच्या बाकावरून पन्नाशीतल्या एका काकांनी तत्काळ उत्तर दिलं, "फणी." दोघंतिघं हसले. मीही हसले आणि फळ्यावर लिहिलं, रीड म्हणजे वाचणे. काकांनी काही न बोलता वहीत उतरवून घेतलं. आठवडाभराने ओळखीतल्या एकांच्या टॉवेलच्या कारखान्यात गेले, तेव्हा कळलं की मागावर ताण्याची तार ज्या फणीच्या दातांतून जाते तिला तिथे रीडच म्हणतात. इंग्रजीतही तोच शब्द, फक्त स्पेलिंग वेगळं. काका बरोबर होते आणि मी भर वर्गात त्यांना चूक ठरवलं होतं.

या वर्गाला आता सात वर्षं झाली. संध्याकाळी साडेसात ते नऊ, पाळी सुटल्यावर, अशोक चौकाच्या बाजूला भाड्याच्या एका खोलीत. यंत्रमागावरचे कामगार, टॉवेलची शिलाई करणाऱ्या बायका, विड्या वळणाऱ्या दोघी, मेडिकलच्या दुकानातला एक पोरगा, नातवाचा अभ्यास घेता यावा म्हणून येणाऱ्या एक आजी. घरात कुणी तेलुगू बोलतं, कुणी कन्नड, कुणी उर्दू. चौकात सगळ्यांची मराठी, तीही सोलापुरी. नुकतंच एमए किंवा बीएड झालेली मुलं विचारतात, "मॅडम, मोठ्यांना शिकवायचंय, सुरुवात कशी करू?" हे त्यांच्यासाठी. बोलणं कसं शिकवावं ते इथे नाही, फक्त वाचन आणि शब्द.

त्या फणीच्या फजितीनंतर मी पहिला तास बदलला. आता फळा कोरा ठेवते आणि म्हणते, तुमच्या कामात रोज तोंडात येणारे, इंग्रजी वाटणारे शब्द सांगा. बीम, बॉबिन, शटल, जॉबर, साइझिंग, वार्पिंग, डॉबी, जेकार्ड, पिक, शिफ्ट, ओव्हरटाइम, बोनस. पहिल्यांदा केलं तेव्हा चाळीस मिनिटांत त्र्याऐंशी शब्द निघाले. विडीवाल्या अक्का म्हणाल्या, "आमच्याकडं कुठलं इंग्लिश?" आणि मग एका दमात पीएफ, पेन्शन, कार्ड, लेबल, पॅकिंग सांगून मोकळ्या झाल्या. एबीसीडीपासून सुरू करायच्या तयारीने आलेल्या माणसाला आपल्याजवळ ऐंशी शब्द आहेत हे फळ्यावर दिसलं की त्याची बसण्याची ढब बदलते.

पुढचे दोन-तीन तास याच शब्दांवर निघतात. प्रत्येक शब्दाचं स्पेलिंग मी लिहून दाखवते आणि विचारते, कारखान्याबाहेर हा कुठे ऐकलाय? साइझिंग म्हणजे सुताला खळ लावणं, हे त्यांना ठाऊक. साइझ म्हणजे माप, हे चपलेच्या दुकानातून ठाऊक. एकाच स्पेलिंगचे दोन अर्थ आहेत हे मात्र कधी डोक्यात आलेलं नसतं. शटल म्हणजे धोटा. तो मागावर इकडून तिकडे आणि तिकडून इकडे येरझाऱ्या घालतो, म्हणून ये-जा करणाऱ्या गाडीलाही शटल म्हणायला लागले. जेकार्ड हे तर माणसाचं आडनाव: फ्रान्सच्या लियों शहरातले जोसेफ मारी जॅकार, ज्यांचं भोकं पाडलेल्या कार्डांवर चालणारं यंत्र १८०४ सालचं. ज्या यंत्रावर चादरीची नक्षी उठते त्याच्या नावाचा माणूस होऊन गेला, यावर त्या दिवशी वर्गात बराच वेळ चर्चा झाली आणि माझा ठरवलेला धडा राहून गेला. आणि टेक्स्ट, म्हणजे मजकूर, आणि टेक्स्टाइल, म्हणजे कापड, हे दोन्ही शब्द विणणे या अर्थाच्या एकाच लॅटिन धातूतून आलेत. हे सांगितल्यावर फणीवाले काका म्हणाले, "मग आम्ही वाचायलाच बसलोय की तीस वर्षं."

खरं वाचन आम्ही टॉवेलच्या लेबलवर सुरू करतो. शिलाईच्या बायका दिवसाला शेकड्याने ही लेबलं टाचतात आणि एकीनेही कधी वाचलेलं नसतं. हातात मावेल एवढी पट्टी, वर चार-पाच चिन्हं, खाली मजकूर: हंड्रेड पर्सेंट कॉटन, मशीन वॉश वॉर्म, वॉश डार्क कलर्स सेपरेटली, डू नॉट ब्लीच, टम्बल ड्राय लो, मेड इन इंडिया. आधी मजकुरावर कागद ठेवून फक्त चिन्हं बघायची. टोपल्यासारखं दिसतंय ते धुणं. इस्त्री सगळ्यांना कळते. त्रिकोणावर फुली कशाची, यावर वाद होतो. तो होऊ द्यायचा, उत्तर लगेच सांगायचं नाही. मग कागद काढून, कुठल्या चिन्हाला कुठली ओळ, हे जोडीने शोधायचं. 'डू नॉट' सापडलं की फुलीचा अर्थ आपोआप लागतो. 'लो' साठी लो व्होल्टेज हाताशी असतंच. 'सेपरेटली'ला मी अडखळले होते, तर एक जण म्हणाली, "आमची सून सेपरेट झाली की मॅडम, तेच ना हे?" तेच. 'टम्बल ड्राय'ला मात्र वेळ लागतो. एप्रिलात गच्चीवर टाकलेला टॉवेल बघता बघता कडकडीत वाळणाऱ्या गावात, कपडे वाळवायला वेगळं यंत्र घेतात हेच पटत नाही. चौकोनात गोल म्हणजे ते यंत्र, एवढं सांगून मी पुढे जाते.

शेवटी प्रत्येकाने आपल्या एखाद्या वस्तूचं लेबल लिहायचं. एका अक्कांनी कडक भाकरीचं लिहिलं: "कीप ड्राय. डू नॉट वॉश. ब्रेक अँड ईट." कीप हा शब्द त्यांनी शेजारणीकडून मागून घेतला होता. तो कागद अजून भिंतीवर आहे.

आता माझी दुसरी चूक, कारण नवे शिक्षक हमखास करतात ती हीच: एकामागून एकाला उभं करून मोठ्याने वाचायला लावणं. शाळेत आपल्याला असंच शिकवलं, म्हणून आपणही करतो. वर्गातला एक माणूस, कारखान्यात हाताखाली बारा जण, त्याचा नंबर आला. 'रिसीट'मधला न उच्चारायचा पी त्याने उच्चारला आणि मेडिकलमधलं पोरगं हसलं. तो दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्या दिवशी नाही, नंतर कधीच नाही. मी फोन केला तर म्हणाला, "ओव्हरटाइम लागलाय मॅडम." शिवाय मोठ्याने वाचताना सगळं लक्ष उच्चारावर जातं, अर्थ हातचा सुटतो, वाचून झाल्यावर काय वाचलं ते विचारा, सांगता येत नाही. आता आधी प्रत्येकाने मनात वाचायचं, मग जोडीत बोलायचं, आणि मोठ्याने वाचायचं ते मी, ते फक्त ऐकत बोट फिरवतात. ज्याला वाचून दाखवायचंय त्याला मी अडवत नाही, पण नाव घेऊन कुणाला उठवत नाही.

शब्द किती शिकवायचे? पहिल्या वर्षी मी रोज वीस द्यायचे, मराठी अर्थासकट, पाठ करून या म्हणून. शनिवारी विचारलं की चार आठवायचे. आता एका बैठकीला आठ. आठच का, याला शास्त्र नाही. नऊ केले की आमचा वर्ग कंटाळतो. कुठले आठ, याला मात्र आधार आहे. ढाक्यात शिक्षकांच्या प्रशिक्षणाचं काम करताना मायकेल वेस्ट या इंग्रजाने बंगालमधल्या मुलांना मोजक्या शब्दांत वाचायला कसं शिकवावं याचा विचार मांडला, आणि पुढे १९५३ साली सुमारे २००० नेहमीच्या इंग्रजी शब्दांची यादी छापली. यादी जुनी झाली, नव्या याद्या आल्या, पण मुद्दा टिकला: एवढ्या शब्दांत साध्या मजकुरातले पाचातले चार शब्द ओळखीचे होतात. उरलेला पाचवा मात्र फार छळतो. शब्दसंग्रहावर आयुष्यभर काम केलेले न्यूझीलंडचे पॉल नेशन सांगतात की कुणाच्या मदतीशिवाय समजून वाचायचं तर शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द माहीत हवेत. म्हणून वर्गात आणलेल्या मजकुरात शंभर शब्दांत चार-पाच अनोळखी चालतात, मी बाजूला असते. घरी वाचायला देताना दोनावर जाऊ देत नाही. इंग्रजी पेपर घरी वाचून या, असं सांगणाऱ्या शिक्षकाने स्वतः कन्नड पेपर तसा वाचून बघावा.

एक सावधगिरी कुणी मला आधी सांगितली असती तर बरं झालं असतं. विरुद्धार्थी किंवा जोडीचे शब्द एकाच दिवशी शिकवू नका. मी बॉरो आणि लेंड एकत्र शिकवले. मराठीत दोन्हीकडे 'उसनं' हाच शब्द, फक्त घेणं की देणं एवढाच फरक. त्या तुकडीचा गोंधळ आजतागायत मिटलेला नाही. आता बॉरो आधी, आणि तो पक्का बसल्यावर पंधरा दिवसांनी लेंड.

उजळणीसाठी चपलांचं खोकं. आत पुठ्ठ्याचे तीन कप्पे. नवा शब्द पहिल्या कप्प्यात, तो रोज बघायचा. बरोबर आला की दुसऱ्यात, तीन दिवसांनी. पुन्हा आला की तिसऱ्यात, आठवड्याने. चुकला की थेट पहिल्यात परत. ही युक्ती १९७० च्या दशकात सेबास्टियन लाइटनर यांनी लोकांपुढे आणली. चिठ्ठीच्या एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला चित्र किंवा वाक्य. अर्थ लिहायचाच तर ज्याचा त्याने आपल्या घरच्या भाषेत लिहावा. आमच्याकडे अर्ध्या चिठ्ठ्यांवर तेलुगू आहे, आणि ती मला वाचता येत नाही. तिथे अक्का माझ्या मास्तरीण होतात.

पुस्तकं कुठून आणू, हा प्रश्न येतो. बाजारातले बरेच पाठ विमानतळावर नाहीतर परदेशातल्या हॉटेलात घडतात. दोन मार्ग मी वापरते. पहिला: वर्गाने सांगायचं, मी लिहायचं. कुणीतरी काल काय झालं ते मोडक्या इंग्रजीत, अडलं तिथे मराठीत सांगतं, मी सहा-सात सरळ वाक्यांत फळ्यावर उतरवते, तोच आजचा धडा. दुसऱ्या दिवशी त्याच वाक्यांच्या पट्ट्या कापून, मिसळून देते, क्रमाने लावायच्या. सांगणारा त्यात स्वतः असतो, त्यामुळे वाचताना अर्थ हरवत नाही.

दुसरा: गोष्ट माहीत आहे, इंग्रजी माहीत नाही, अशा विषयावर स्वतः लिहायचं. मी डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवर दीडशे शब्द लिहिले. जन्म सोलापूरचा, १९१०. १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. तिथे मोठेपणी चिनी शिकले, जखमी सैनिकांवर उपचार केले आणि १९४२ मध्ये, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. गोष्ट बहुतेकांना ऐकून ठाऊक, म्हणून 'वून्डेड' आणि 'व्हॉलंटिअर' हे शब्द मी न सांगता लोकांनी ओळखले. 'एपिलेप्सी' कुणाला येईना. मेडिकलमधल्या पोराने सांगितलं, "फिट येणं." त्यावर एकाने विचारलं, "डॉक्टर फिट होते म्हणता, मग फिट कशी आली?" आणि अर्धा तास 'फिट'वरच गेला: अंगाला बसणारा, तब्येतीने ठणठणीत आणि हा तिसरा. मोठेपणी चिनी शिकलेला गावचा माणूस या वर्गाला फार आवडतो, हेही आहे.

व्यवहाराचं थोडक्यात. फी महिन्याची घ्या, तीही पगाराच्या तारखेनंतर. एवढ्यावर घर चालत नाही. माझी सकाळची शिकवणी वेगळी आहे. भाषांतराचं ॲप बंद करायला सांगू नका, ऐकणार नाहीत; आधी अंदाज लिहा, मग ॲप बघा, एवढी शिस्त लावता येते. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा लागली की वर्ग ओस पडतो, तेव्हा नवा धडा काढू नका. मी त्या दिवसांत एकच काम देते: गड्ड्यावर फिरताना दिसलेल्या दहा इंग्रजी पाट्या वहीत उतरवून आणा, चुकीच्या स्पेलिंगसकट. गेल्या वर्षी फणीवाल्या काकांनी सतरा आणल्या. त्यातल्या चार चुकीच्या होत्या आणि त्या चारही त्यांनी लाल पेनाने दुरुस्त केल्या होत्या. एक दुरुस्ती चुकली होती. मी ती सगळ्यांसमोर न सांगता वर्ग सुटल्यावर दाखवली.