घरच्या गणपतीपुढं फाल्कन हेवी कसं उतरवायचं

बेळगावच्या खडेबाजारात तागा संपला की पुठ्ठ्याची नळी उरते. दोन इंच जाडीच्या तीन मागून आणा, कोण नाही म्हणत नाही. फाल्कन हेवी म्हणजे स्पेसएक्स या अमेरिकी कंपनीचं रॉकेट. खरं रॉकेट ७० मीटर उंच आणि मधली नळी ३.६६ मीटर जाड. त्या हिशोबानं मधली नळी ३८ इंच, बाजूचे बूस्टर, म्हणजे सुरुवातीला जोर देणाऱ्या दोन नळ्या, दोन-दोन फूट. भाद्रपदात आमच्या वडगावात हवा इतकी ओली, की पुठ्ठा तिसऱ्या दिवशी मान टाकतो. रंगाआधी फेव्हिकॉलचे दोन हात द्याच.

इंजिनं २७. प्रत्येक नळीच्या बुडाला मध्ये एक, भोवती आठ. जुन्या पेनांची टोपणं कापून चिकटवा. बूस्टरच्या डोक्याशी डासांच्या जाळीचे चार चौकोन, खाली खराट्याच्या काड्यांचे चार पाय.

मी उद्यमबागेत लेथवर असतो. पहिल्या वर्षी मोटरीच्या नादात सगळं रॉकेटच टोकासकट खाली-वर नाचवलं. भाची म्हणाली, "मामा, वरचा टप्पा परत येत नाही की!" खरंच की. खालचे बूस्टर तेवढे परत वापरतात, वरचा टप्पा जातो तो जातोच. म्हणून मधल्या नळीची वरची पंधरा इंचं कापा आणि छताला टांगा. ती हलवायची नाही.

बूस्टरसाठी भंगारातली वायपर मोटर घ्या, पण निम्म्या व्होल्टवर चालवा. दांड्याला नऊ इंची पट्टी, तिच्या टोकाला तंगूस, वर कप्प्या. पट्टी फिरली की बूस्टर दीड फूट वर-खाली. पंख्यानं गरगरतात, म्हणून पाठीमागं स्ट्रॉ चिकटवून त्यातून ताठ तार ओवा. नुसता पुठ्ठा खाली यायला कुचराई करतो. बुडात मूठभर वाळू भरा. खरा बूस्टरही इंधन संपल्यावर इंजिनांमुळं बुडालाच जड असतो. एका बूस्टरचा तंगूस अर्धा इंच लांब ठेवा. ६ फेब्रुवारी २०१८ च्या पहिल्या उड्डाणात दोघं जवळजवळ एकदम टेकले, पण अगदी एकदम नव्हे.

उरली मधली तेवीस इंचं. त्या दिवशी इंजिनं पुन्हा पेटवायचं द्रव्य कमी पडलं, तीनपैकी एकच इंजिन पेटलं, आणि हा भाग ज्या जहाजावर उतरायचा होता त्यापासून शंभरेक मीटरवर समुद्रात आदळला. निळ्या साडीवर थर्माकोलचं जहाज ठेवा, ही नळी त्याच्या शेजारी अर्धी बुडवून तिरकी लावा. पाटी मराठीत आणि कन्नडमध्येही लिहा, नाहीतर प्रत्येक जण विचारतो, "हे एक पडलं काय?"