बोलू नकोस, पोळी लाट: मुलांचा नाट्यवर्ग ऑनलाइन घेताना

माझ्या वर्गात नऊ वर्षांची एक मुलगी होती. पहिले तीन शनिवार तिच्या चौकटीत मला फक्त छताचा पंखा दिसला. आई मागून सांगायची, "अगं बोल ना, ताई विचारतायत," आणि प्रत्येक 'बोल ना'सरशी ती आणखी मिटायची. चौथ्या शनिवारी मी तिला म्हटलं, "आज तू बोलायचंच नाहीस. फक्त पोळी लाट. पोळपाट नाही, लाटणं नाही, कणीक नाही. पण मला पोळी दिसली पाहिजे."

फोन हळूहळू खाली आला. दोन हात दिसले. तिनं गोळा वळला, पिठीत घोळवला, लाटायला घेतला आणि मध्येच थांबून बोटाच्या टोकानं कड सोडवू लागली. न्यू जर्सीच्या एका मुलाला राहवेना. त्यानं विचारलं, "फाटली का गं?"

"फाटली नाही, चिकटली. पिठी कमी पडली."

वर्गातलं तिचं हे पहिलं वाक्य. कुणी बोल म्हणालं म्हणून ती बोलली नव्हती. पोळी चिकटली होती म्हणून बोलली होती.

मी सांगलीत राहते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, उन्हाळी शिबिर रद्द करावं लागलं आणि तेव्हापासून माझा शनिवारचा वर्ग ऑनलाइन भरतो. असा वर्ग सुरू करू पाहणाऱ्या ताई-दादांना माझं पहिलं सांगणं हेच आहे: मुलाला धीट करायच्या मागे लागू नका, त्याला काम द्या. बुजऱ्या मुलाचं सगळं लक्ष 'मी कसा दिसतोय' यावर खिळलेलं असतं. ते तिथून उठून हातातल्या कामावर गेलं की भीड आपोआप सैल होते.

ऑनलाइन वर्गात याच्या आड येणारी पहिली गोष्ट म्हणजे पडद्यावर दिसणारा स्वतःचा चेहरा. नाटकात नटासमोर कधी आरसा ठेवतात का? इथे मात्र पूर्ण वेळ आरसा समोर. मुलं एकमेकांकडे बघतच नाहीत, स्वतःचे केस बघतात. झूममध्ये आपली चौकट आपल्यापुरती लपवता येते, बाकीच्यांना ती दिसत राहते. पहिल्याच तासाला प्रत्येकाकडून ते करून घ्या. एवढ्या एका गोष्टीनं वर्गात फरक पडलेला मी पाहिला आहे.

वर्ग आठ मुलांपेक्षा मोठा करू नका. सात ते नऊ वर्षांची आणि दहा ते तेरा वर्षांची अशा दोन तुकड्या ठेवा, कारण तेरा वर्षांच्या मुलापुढे सात वर्षांचं मूल तोंड उघडत नाही. झूमच्या फुकट खात्यावर चाळीस मिनिटांनी मीटिंग बंद होते. तेवढा वेळ पुरतो, मुलांचा जीव त्याहून जास्त वेळ पडद्यात रमत नाही. परदेशातली मुलं असतील तर वेळेचं आधीच पक्कं करा. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात म्हणजे न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे दहा, हिवाळ्यात नऊ. तिकडची घड्याळं मार्च आणि नोव्हेंबरमध्ये बदलतात. त्या आठवड्यात आठवण केली नाही तर निम्मा वर्ग गैरहजर.

फोन हातात नको. डब्यांच्या उतरंडीला टेकवून, आडवा, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवायला सांगा. खिडकी समोर हवी. पाठीमागे असली तर मुलाची नुसती काळी आकृती दिसते. मूल चार-पाच फूट मागे उभं राहिलं की कमरेखालचं शरीरही अभिनयात येतं. वायरवाले हेडफोन हालचालीच्या वेळी काढून ठेवायचे, नाहीतर मूल वायरीपुरतंच हलतं.

आता एक चूक, जी मी केली ती तुम्ही करू नका. पहिल्या महिन्यात मी सगळ्यांकडून एकत्र गाणं म्हणून घेतलं. प्रत्येकाचा आवाज थोडा थोडा उशिरा पोचतो, शिवाय ॲप एकाचा आवाज पुढे घेऊन बाकीचे दाबतं. ऐकू आला तो नुसता कलकलाट. मुलांना वाटलं, आपलंच चुकतंय, आणि दोघं-तिघं पुढच्या वेळी ओठ हलवून गप्प बसली. आत्मविश्वास वाढवायला निघालेल्या वर्गानं तो असा घालवला. तेव्हा समूहगान, एका सुरात घोषणा, तालावर टाळ्या हे सगळं ऑनलाइन वर्गातून काढून टाका. एकामागून एक येणारे खेळ घ्या. मी हवेतला चेंडू फेकते: "हा बघ आला, कालिंगडाएवढा जड!" झेलणाऱ्यानं वजन दाखवून झेलायचा, आकार बदलायचा आणि नाव घेऊन पुढे फेकायचा. नाव घेणं महत्त्वाचं. प्रत्येकाच्या पडद्यावर चौकटींचा क्रम वेगळा असतो, त्यामुळे 'उजवीकडच्याला दे' म्हटलं की घोळ होतो.

उच्चारांना प्रत्येक तासाला पाच मिनिटं द्या. 'काळे राळे गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले' आधी सावकाश, मग रडत, मग गुपित सांगितल्यासारखं. ळ बसायला याच्यासारखं दुसरं काही नाही. परदेशात वाढणाऱ्या मुलांचा च अडतो. त्यांच्यासाठी मी 'चहात चमचा ढवळ' हे वाक्य ठेवलं आहे. चहातला च वेगळा, चमच्यातला वेगळा. दोन्ही एकाच वाक्यात आले की कान आपोआप तयार होतो, व्याकरण समजावत बसावं लागत नाही.

आवाजाची फेक मात्र ऑनलाइन शिकवता येत नाही, हे मान्य करून टाका. कुजबुज आणि हाक दोन्ही ॲप जवळजवळ एकाच पातळीवर आणतं. त्यामुळे तो गृहपाठ द्यायचा. आजोबा बाहेरच्या खोलीत, मूल स्वयंपाकघरात. "आजोबा, माझा निळा सदरा कुठे आहे?" ओरडायचं नाही, पण वाक्यातला शेवटचा 'आहे' पोचला पाहिजे. पोचला की नाही ते आजोबांनी सांगायचं. बहुतेक मुलांचा शेवटचा शब्द विरतो. आजोबा हे बरोबर पकडतात, आणि या निमित्तानं घरातलं एक मोठं माणूस मुलाचं मन लावून ऐकतं.

प्रसंग मुलांच्या घरातलेच निवडा. डॉ. मोहन आगाशे यांनी बर्लिनची ग्रिप्स रंगभूमी पुण्यात आणली. तिच्या नाटकांत राजपुत्र-राक्षसाऐवजी मुलांच्या रोजच्या जगण्यातले प्रश्न असतात. माझ्या वर्गासाठी ती मोठी शिकवण ठरली. हरवलेलं डबड्याचं झाकण, धाकट्या भावानं फाडलेली वही, वार्षिक परीक्षेचा पेपर आईला दाखवायची वेळ. यातला प्रसंग मिळाला की मुलाला संवाद पाठ करावा लागत नाही. दोघांचा प्रसंग असेल तर वस्तू कॅमेऱ्यात द्यायची: एकानं पत्र धरलेला हात कॅमेऱ्याला भिडवायचा, दुसऱ्यानं आपल्या कॅमेऱ्यापासून हात मागे ओढून पत्र घ्यायचं. चौकटी कशाही लागलेल्या असोत, पत्र सांगलीहून न्यू जर्सीला पोचतं. मुलांचे डोळे त्या क्षणी बघण्यासारखे असतात.

काम झालं की नुसतं 'छान' म्हणू नका. मुलांना ते सगळ्यांनाच म्हटलेलं कळतं. काय दिसलं ते सांगा. "तू तांब्या उचललास तेव्हा तो भरलेला होता हे मला कळलं." असं वाक्य मूल आठवडाभर जपून ठेवतं. एकमेकांनाही मुलांनी असंच सांगायचं, हा नियम ठेवा.

पालकांशी पहिल्याच दिवशी मोकळेपणानं बोला. वर्ग चालू असताना त्यांनी घरात असावं, पण फोनच्या मागे उभं राहून शब्द पुरवू नयेत. आणि पाहुण्यांपुढे 'ताईंनी शिकवलेलं करून दाखव' हे तर अजिबात नको. तयारी नसताना उभं केलेलं मूल कमावलेलं सगळं एका संध्याकाळी गमावतं. रेकॉर्डिंग करायचं असेल तर आधी लेखी संमती घ्या, वेटिंग रूम (तुम्ही आत घेईपर्यंत येणाऱ्याला बाहेर थांबवणारी सोय) चालू ठेवा, लिंक फक्त पालकांच्या नंबरवर पाठवा.

दहा-बारा आठवड्यांनी जवळची मुलं एकदा खऱ्या रंगमंचावर न्या. सांगलीत आम्हाला भावे नाट्यमंदिर आहे. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी याच गावात मराठीतलं पहिलं मानलं जाणारं नाटक, 'सीता स्वयंवर', केलं, हे मुलांना तिथे उभं राहून सांगायला मला फार आवडतं. तुमच्याकडे शाळेचं सभागृह असेल, परदेशात महाराष्ट्र मंडळाचा गणेशोत्सव असेल. पण थेट रंगमंचावर चढवू नका. पडद्यापुढे शिकलेलं मूल पाच फुटांवरच्या माणसाशी बोलायला शिकलेलं असतं. आधी त्याला शेवटच्या रांगेत खुर्चीवर बसवा आणि तुम्ही रंगमंचावरून नेहमीच्या आवाजात काहीतरी बोला. त्याला किती ऐकू आलं ते विचारा. मग जागा बदला. आमची पोळीवाली वर गेली तेव्हा शेवटच्या रांगेत तिचे आजोबा बसले होते. तिनं निळ्या सदऱ्याचं तेच वाक्य म्हटलं, आणि आजोबांनी 'आहे' पोचला म्हणून हात वर केला.